नॉटिंगहॅमची रॅले, मार्केटयार्डाचं ओझं

वाड्यात किंवा गोठ्यात धूळ खात पडलेली जुनी लोखंडी सायकल पुन्हा चालती करायची, आणि तीही रविवारच्या फेरीसाठी नाही तर रोजच्या सामानासाठी, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण. सायकल रॅले, नॉटिंगहॅमची. २२ इंची फ्रेम, सळईचे ब्रेक, २८ × १½ मापाचे टायर, पूर्ण बंद चेनकव्हर आणि मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब (चाकाचा मधला भाग). हबवर ‘एडब्ल्यू ५४’ असा ठसा आहे, म्हणजे हब १९५४ सालचं. सायकलही त्याच सुमाराची धरायला हरकत नाही. आजोबांनी ती साताऱ्यात वापरली, पुढे काकांकडे पडून राहिली, आणि तिथून ती टेम्पोत घालून मी पुण्याला आणली.

माझं अप्पर बिबवेवाडीला पोळी-भाजी केंद्र आहे. कांदे-बटाटे, भाजी, गहू हे सगळं मार्केटयार्डातून येतं आणि दुपारचे डबे आसपासच्या सोसायट्यांमध्ये जातात. रोज रिक्षा केली तर भाजीपेक्षा भाडं जास्त होतं. स्कूटरवर दोन पिशव्या पायाशी ठेवल्या की तिसरीला जागा नसते, आणि अंतर इतकं थोडं की त्यासाठी पेट्रोल जाळायचं जिवावर येतं. म्हणून ही सायकल मी वाहनासारखी तयार करून घेतली, शोभेची वस्तू म्हणून नाही.

निकाल आधी सांगते. ओझ्यासाठी हिच्याइतकी शहाणी सायकल आज दुकानात नवी मिळत नाही. पावसात मात्र ब्रेक कमजोर आहेत, आणि ते मी अजिबात झाकून ठेवणार नाही. आणि पैसे घालायचेच असतील तर ते चाकं, ब्रेक आणि कॅरियर यांत घालावेत. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी.

ओझ्यासाठी शहाणी का, ते फ्रेमच्या मापांत आहे. या जुन्या रोडस्टरच्या, म्हणजे रोजच्या वापराच्या उंच काळ्या सायकलीच्या, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या आसांमध्ये साधारण ४५ इंच अंतर असतं. हँडलची नळी जमिनीशी ६८ अंशांच्या आसपास, म्हणजे बरीच मागे कललेली. आजच्या रेसिंग सायकलीत ती ७३ अंशांपर्यंत उभी असते. कललेल्या नळीची सायकल चटकन वळत नाही, पण मागे पंचवीस किलो बटाटे असताना आपल्याला चटकन वळायचंच नसतं, सरळ आणि शांत चालायचं असतं. मागच्या त्रिकोणाच्या खालच्या नळ्या लांब असल्यामुळे चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्या तरी पायडल मारताना टाच पिशवीला लागत नाही. नव्या गिअरच्या सायकलींवर पिशव्या लावून पाहिलेल्यांना हा त्रास माहीत असेल. शिवाय चाकं. पुढे ३२ स्पोक, मागे ४०. ओझं मागे येणार हे गृहीत धरून केलेली ही जुनी इंग्रजी वाटणी आहे आणि आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीत ती आजही तशीच आहे.

सुट्या भागांबद्दल लोक उगाच घाबरतात. सत्तर वर्षांची विलायती सायकल, तिचे पार्ट कुठे मिळणार, हा पहिला प्रश्न मलाही प्रत्येकाने विचारला. खरं तर या मापाच्या सायकलीसाठी भारताइतका सोयीचा देश शोधून सापडणार नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच इंग्रज कंपन्यांशी हात मिळवून इथे कारखाने निघाले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स आली आणि हर्क्युलिस बनवू लागली, बंगालात आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली. पाठोपाठ सोनिपतची ॲटलस आणि लुधियानाची हीरो. इंग्लंडात रोडस्टर मागे पडली, पण तिची मापं आपल्या खेड्यापाड्यांत मुक्कामाला राहिली. २८ × १½ चा टायर, म्हणजे रिमवर बसणारा व्यास ६३५ मिलिमीटर, हा आजही आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. ४० भोकांची रिम मिळते. ⅛ इंची चेन मिळते, सळईच्या ब्रेकचे रबर मिळतात, कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, आसाला पक्की धरणाऱ्या) तर किलोवर मिळतील. नवे ७०० सी टायर मात्र घेऊ नका. त्यांचा व्यास ६२२, ते या रिमवर चढणारच नाहीत.

दोन गोष्टी तेवढ्या जपायला हव्यात. नॉटिंगहॅमच्या रॅलेला स्वतःचे आटे आहेत. बी.बी.चे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस फिरतो ती जागा) कप आणि हँडलचे कप इंचाला २६ आट्यांचे, बाकी सगळ्यांचे २४ आट्यांचे. दुकानातला नवा कप जोर लावून फिरवला तर तो दोन-तीन फेरे जातोही, आणि फ्रेमचे आटे कायमचे खाऊन टाकतो. माझ्या सायकलीचे मूळ कप चांगले निघाले. छर्रे आणि बी.बी. एक्सल बदलली, कप तेच ठेवले. दुसरी गोष्ट म्हणजे हबच्या आसाचे नट. तेही वेगळ्याच आट्यांचे आहेत, आपल्या दुकानात मिळत नाहीत. आस उघडताना नट आणि त्यामागचे खाचवाले वॉशर एका वाटीत जमा करा, ते हरवले तर चाक बसवता येणार नाही.

काम केलं नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी. दुकान म्हणजे एक गाळा, बाहेर हवेचा पंप, आत भिंतीवर टांगलेल्या रिमा. मी तीन ठिकाणी फिरले होते. दोन ठिकाणी “ताई, भंगारात द्या आणि नवी घ्या” असं ऐकलं. एकाने पावडर कोटिंगचा दर सांगायला सुरुवात केली. या काकांनी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं, रिमवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

“रंगाचं नंतर बघू,” ते म्हणाले. “या चाकावर तुम्ही एकट्या बसा, चालेल. पोतं ठेवलंत की स्पोक तुटायला लागतील.”

“सगळे बदलायचे?”

“सगळे. चाळीसच्या चाळीस. अर्धे बदलले तर जुने तुटत राहतात, आणि तुम्ही दर आठवड्याला मला शिव्या द्यायला येता.”

त्यांनी मला स्पोकचं वाकलेलं डोकं दाखवलं, जिथे ते हबच्या भोकात बसतं. बाहेरून स्पोक चकचकीत, आणि बाकाच्या आत गंजाने अर्धा बारीक झालेला. ओझ्याच्या चाकात स्पोक तिथेच तुटतो. जुनी रिम आतून गंजली होती म्हणून तीही काढली. नवी देशी रिम, ४० भोकांची, इंग्रजी हबवर नेमकी बसली. हे पाहून मला फार बरं वाटलं. नॉटिंगहॅमचं हब, इकडची रिम, आणि मधे कसलीही तडजोड नाही. स्पोक त्यांनी १४ गेजचे घातले. दूधवाल्यांच्या सायकलींना १२ गेजचे जाड स्पोक लावतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तेच मागितले. पण त्यासाठी हबची भोकं मोठी करावी लागली असती आणि काका त्याला तयार झाले नाहीत. त्यांचं बरोबर होतं. चाळीस स्पोक सारखे ताणलेले असतील तर १४ गेज माझ्या ओझ्याला पुरतात.

चाकाचा आऊट काढताना, म्हणजे ते सरळ आणि गोल करताना, त्यांनी एक गोष्ट केली जी नव्या दुकानांत कुणी करत नाही. चाक डावी-उजवीकडे डुलतं का हे सगळेच बघतात. त्यांनी ते वर-खाली उडतं का, हे जास्त वेळ पाहिलं. सळईच्या ब्रेकचे रबर रिमला बाजूने धरत नाहीत, आतल्या बाजूने, आसाकडून बाहेर दाबतात. चाक एक-दोन मिलिमीटर जरी उंचसखल असेल तरी ब्रेक एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागतो. अशा सायकलीवर ब्रेक लागत नाहीत म्हणून रबर बदलणाऱ्यांनी आधी चाक गोल आहे का ते बघावं.

कॉटर पिना काढताना हातोडा वापरला नाही. बाकड्यावरच्या शिकंज्यात क्रँक धरून, मागे लोखंडी नळीचा तुकडा ठेवून, दाबून काढल्या. ठोकलं की पिनेचं टोक चेपतं, आणि प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून कपावर जाऊन तिथे बारीक खड्डे पाडतो. ज्या कपांचे आटे बाजारात नाहीत, त्यांच्याबाबत ही काळजी फार मोलाची. नव्या पिना कानशीने घासून, दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. थोडं चालवल्यावर पिना पुन्हा दाबून घ्यायला बोलावलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कामाला वेळ लागला, सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच. फोन केला की “झालंच” असं उत्तर यायचं. घाई असणाऱ्यांना हे चालणार नाही. मला चाललं, कारण दर वेळी गेले तेव्हा सायकल खरोखर पुढे सरकलेली दिसली.

आता हबबद्दल, कारण माझ्या मते या सायकलीचा जीव तिथेच आहे. स्टर्मी-आर्चरचं एडब्ल्यू हब १९३६ साली आलं आणि इतकी वर्षं होऊन त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. दुसरा गिअर सरळ. पहिल्यात वेग पाव हिस्सा कमी, तिसऱ्यात एक तृतीयांश जास्त. सगळे दाते हबच्या पोटात, धूळ-पाणी लागत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उभं राहून गिअर बदलता येतो. मार्केटयार्डाच्या फाटकात गर्दीत थांबलो, पुढचा टेम्पो हलला, की थांबल्या जागीच पहिला टाकायचा आणि निघायचं. मागे दातांच्या चकत्यांचा ढीग असलेल्या नव्या गिअरवर हे जमत नाही, तिथे पायडल फिरल्याशिवाय गिअर पडत नाही. ओझं असताना हा फरक अगदी पायाला कळतो.

हब अनेक वर्षं फिरलंच नव्हतं. काकांनी ते न उघडता तेलाच्या भोकातून डिझेल घालून फिरवत ठेवलं (रॉकेल आता सहज मिळत नाही), काळं पाणी काढून टाकलं, पुन्हा घातलं, आणि स्वच्छ झाल्यावर चमचाभर पातळ इंजिन तेल. गिअर तिन्ही पडले. यात ग्रीस कधीही भरू नका. आतले छोटे खटके ग्रीसला चिकटून बसतात आणि पायडल मोकळं फिरायला लागतं. महिन्यातून काही थेंब तेल, एवढीच त्याची अपेक्षा.

मूळ सायकल सपाट रस्त्यासाठी होती. पुढे ४६ दाते, मागे १८. दुसऱ्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.७ मीटर जाते, पहिल्याला ४.३ मीटर. मार्केटयार्ड ते अप्पर डेपो सगळा चढच, आणि मागे ओझं असताना हा पहिला गिअर गुडघ्यांना फार जड जात होता. म्हणून मागची चकती २२ दात्यांची केली. आता पहिल्या गिअरला फेरीमागे साडेतीन मीटर, दुसऱ्याला ४.७ आणि तिसऱ्याला ६.२. म्हणजे नवा तिसरा गिअर जुन्या दुसऱ्यापेक्षा अजूनही वेगवान आहे, आणि खाली एक खरा चढाचा गिअर मिळाला. गेलं ते फक्त जुन्या तिसऱ्याचं सुसाट टोक, ते ओझ्याच्या सायकलीला लागतच नाही. संपूर्ण कामात याइतका स्वस्त आणि याइतका जाणवणारा बदल दुसरा नाही. चकती भाचीने नेदरलँड्सहून आणली. तिथेही अशा उंच काळ्या सायकली अजून चालतात, त्यांना २८ × १½ चेच टायर असतात, आणि स्टर्मीचे भाग मिळतात. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागल्या. ज्यांची सायकल साधी, बिनगिअरची आहे, त्यांनी मागे जास्त दात्यांचा फ्रीव्हील लावून घ्यावा, चढावर तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

या हबचा एक धोका मात्र नीट समजून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा अशी आहे जिथे कुठलाच गिअर नसतो. केबल सैल झाली की हब त्या जागी जाऊन बसतं आणि जोरात दाबलेलं पायडल एकदम मोकळं सुटतं. ओझं घेऊन, उभं राहून पायडल मारत असाल तर तोल गेलाच. त्यामुळे केबलचा ताण बघणं हे ब्रेक बघण्याइतकंच गरजेचं. गिअर दुसऱ्यावर ठेवायचा आणि उजव्या नटाच्या खिडकीतून पाहायचं: केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या सळईची कड आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवी. पाहायला क्षणभर लागतो. आणि चढावर ओझं असताना सीटवरून उठू नये. जमलं नाही तर उतरून ढकलावी, त्यात काही कमीपणा नाही.

ब्रेक. इथे मी पाचपैकी दोन गुण देते. कोरड्या रस्त्यावर, चाक गोल असेल आणि सळयांचे सगळे सांधे तेल दिलेले असतील, तर ब्रेक ठीक लागतात. अचानक थांबायला जमत नाही, हळूहळू थांबता येतं. पावसात क्रोमची ओली रिम म्हणजे रबर नुसताच घसरतो. पहिली एक-दोन चाकं फिरेपर्यंत काहीच होत नाही, मग पाणी पुसलं गेल्यावर ब्रेक धरायला लागतो. म्हणून पावसात चौक यायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करत राहावं लागतं. या रिमला नवे बाजूने धरणारे ब्रेक लावू म्हणाल तर तेही नाही, कारण वेस्टवुड पद्धतीच्या रिमच्या कडा गोलाकार असतात, बाजूला सपाट पट्टी नसतेच. माझी सोय अशी आहे की जाताना उतार आणि सायकल रिकामी, येताना ओझं आणि चढ. उलट असतं तर मी ही सायकल या कामाला वापरली नसती. आईमाता मंदिराच्या उताराला तर मी ओझं घेऊन जातच नाही, कितीही जवळचं गिऱ्हाईक असो.

कॅरियरवर मी सर्वांत जास्त विचार केला. बाजारात दोन तऱ्हेचे मिळतात. एक पत्र्याच्या पट्टीचं, मागे स्प्रिंगची झडप असलेलं, ते वह्या-पुस्तकांसाठी. दुसरं जाड सळईचं, दूधवाले आणि पाववाले लावतात ते. दुसरंच घ्या. मात्र तेही वरच्या बाजूला सीटखालच्या नळ्यांना एका पट्टीने धरलेलं असतं आणि ओझ्याने ती पट्टी खाली सरकते. मी दोन्ही बाजूंना दोन तिरक्या तंगड्या वाढवून घेतल्या. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, फ्रेमलाच वेल्डिंग मारून देतो, कायमचं काम. त्याला नको म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. या फ्रेमच्या नळ्या पातळ आहेत, सांधे पितळ वितळवून जोडलेले आहेत. वेल्डिंगच्या आचेने नळी तिथेच कमजोर होते आणि पुढे कधीतरी ओझ्याखाली चिरते. वेल्डिंग कॅरियरला करायचं, फ्रेमला नट-बोल्टच्या पट्ट्या.

त्यात एक अडचण आली. मागच्या आसावर आधीच मडगार्डच्या तारा, चेनकव्हरचा कान आणि दुहेरी स्टँड. वर कॅरियरचे पाय चढवले तर नटाला धरायला आटेच उरत नव्हते. साध्या सायकलीचा आस लांब मिळतो, या हबचा मिळत नाही. मग मडगार्डच्या तारा आसावरून काढून फ्रेमच्या छोट्या भोकात नेल्या, कॅरियरचे पाय नळ्यांवरच्या पट्ट्यांवर आणले. स्टँड आसावर राहिलं. गिअरच्या हबला आस फिरू न देणारे वॉशर असतात, ते आधी, बाकी सगळं नंतर. हा क्रम सोडला तर गिअर बिघडतात.

स्टँड दुहेरीच हवं, मागचं चाक उचलून धरणारं. साइड स्टँडवर ओझ्याची सायकल उभी करणं म्हणजे ती पाडणंच. सामान भरताना पुढचं चाक गर्रकन वळतं, त्यासाठी उजव्या ब्रेकवर जुन्या ट्यूबचं एक कडं अडकवून ठेवते. हँडलची दांडी आणि ब्रेकची दांडी त्यात एकत्र धरली की पुढचं चाक जखडतं. बांधायलाही जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्याच उत्तम. हुकवाल्या रंगीत दोऱ्या मी वापरून सोडल्या, हुक सुटला की डोळ्याकडे येतो.

पिशव्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतल्या. दोन, प्रत्येकी ४० सेंटिमीटर उंच, ३५ लांब, १८ रुंद, म्हणजे २५ लिटरच्या. चाकाकडच्या बाजूला आत प्लायवूडची फळी शिवली आहे, नाहीतर भरलेली पिशवी फुगून स्पोकमध्ये शिरते. मागे चमकती पट्टी. परदेशी जलरोधक पिशव्या याहून हलक्या आणि पावसात अधिक चांगल्या आहेत, पण त्यांच्या किमतीत माझी अख्खी सायकल उभी राहिली. जड माल खाली, दोन्ही बाजूंना सारखा: डावीकडे बटाटे तर उजवीकडे कांदे. वर कॅरियरवर दुधाचा प्लॅस्टिक क्रेट, त्यात पालेभाजी, आणि दुपारी डबे. हाच माल सगळा वर रचला तर सायकल डुलते आणि पुढचं चाक हलकं पडतं. माझी मर्यादा मी ३० किलो ठेवली आहे. फ्रेम याहून पुष्कळ जास्त उचलेल, आपल्याकडचे लोक उचलतातही. मर्यादा ब्रेकची आहे, आणि माझ्या ताकदीची.

टायर साधे देशीच घेतले, नक्षी सरळ रेघांची. ट्यूब मात्र मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या घेतल्या. जुन्या तऱ्हेच्या व्हॉल्व्हमधलं बारीक रबर वाळलं की हवा जाते, आणि किती हवा आहे हे मोजताही येत नाही. ओझ्याला मोजणं हवंच. मी मागे ५५ पौंडांच्या आसपास ठेवते, पुढे थोडी कमी. पंक्चर काढताना चाक खोलू देत नाही. पूर्ण चेनकव्हर आणि गिअरची साखळी यांमुळे मागचं चाक काढणं हे मोठं काम आहे. रस्त्यावरचे पंक्चरवाले चाक जागेवर ठेवून एका बाजूने ट्यूब बाहेर काढतात, तेच इथे करायचं. चेनकव्हरचं वजन आणि खटपट सोसूनही मी ते काढलं नाही. सलवार किंवा साडी काळी होत नाही, चेनला धूळ लागत नाही. बायकांनी तर ते काढूच नये.

सीट मूळ चामड्याची होती, फाटलेली. ब्रुक्सची स्प्रिंगची नवी सीट अतिशय सुंदर असते, पण आपल्याकडे तिला दहा हजारांच्या पुढे मोजावे लागतात. मी देशी स्प्रिंगची रेक्झिनची लावली, बरी आहे.

रंग केला नाही. काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा आणि समोरचं बगळ्याचं चिन्ह अजून टिकून आहे, त्यावर नवा रंग मारायची माझी इच्छा नव्हती. क्रोमच्या गंजासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून भाग रात्रभर बुडवून ठेवले. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ नेऊ नका. गंज गेला, क्रोम जिथे उरलं होतं तिथे उरलं. फ्रेमला मेण. ज्यांना सायकल मूळ रूपात परत आणायची आहे त्यांनी कर्वेनगरला जुन्या सायकलींचं जे खासगी संग्रहालय आहे तिथे एकदा जावं, आपल्या सायकलीच्या काळात दिवा कुठला होता, घंटी कुठली होती, हे डोळ्यांनी पाहता येतं.

खर्च मजुरीसकट नऊ हजारांच्या आसपास गेला. त्यात मोठा वाटा मागच्या चाकाचा आणि मजुरीचा, मग टायर-ट्यूब, मग कॅरियर आणि पिशव्या. याच पैशांत दुकानात नवी साधी काळी सायकल आली असती, हे खरं आहे. ज्यांच्याकडे जुनी नाही त्यांनी ओझ्यासाठी तीच घ्यावी आणि वर सांगितलेलं कॅरियर, पिशव्या, स्टँड हे सगळं तिच्यावर करावं. तीन गिअर मात्र त्या नव्या सायकलीत मिळणार नाहीत, आणि चढाच्या वस्तीत राहणाऱ्याला त्यांची किंमत कळते.

ज्यांना जिन्यावरून सायकल वर न्यावी लागते त्यांनी हिच्या नादी लागू नये. रिकामीच वीस किलोच्या वर भरते. ज्यांचा रस्ता उड्डाणपुलांचा आणि वेगवान गाड्यांचा आहे त्यांनीही नाही.

जुनी विकत घ्यायला निघालात तर रंगाकडे बघू नका. पुढचा चिमटा सरळ आहे का ते बाजूने बघा. हँडलखालच्या नळीला, जिथे ती आडव्या दांडीला मिळते, तिथे रंगात बारीक चीर किंवा सुरकुती आहे का ते बोटाने तपासा. असेल तर ती सायकल कुठे तरी आपटलेली आहे, ओझ्याला घेऊ नका. सीटची नळी वर-खाली सरकते का बघा. हबवर ठसा असेल तर तीनही गिअर पडतात का हे मागचं चाक उचलून बघा. नुसते अडकत असतील तर तेलाने सुटतात, त्यामुळे तेवढ्यासाठी सोडू नका.

माझ्या सायकलीला पुढचा खर्च ठरला आहे: पुढच्या चाकात ड्रम ब्रेकचं हब. स्टर्मी-आर्चर आता तैवानच्या सनरेसकडे आहे आणि ते ९० मिलिमीटरचं ड्रम हब अजून बनवतात. पावसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पुढची सळई काढून केबल आणावी लागेल, हँडलवर दोन तऱ्हेच्या ब्रेकदांड्या दिसतील, जुन्या सायकलींच्या जाणकारांना ते रुचणार नाही. मेस्त्रीकाकांना विचारलं. त्यांनी पुढच्या रिमची भोकं मोजायला सांगितलं आणि हब आलं की घेऊन या म्हणाले.